लीलाआक्का आणि मोटरघराची किल्ली

लग्न करून मी सुरतेला, नवागामात राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाआक्का सोनवणे माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात वाटी होती. मला वाटलं, साखर मागायला आल्या असतील. पण वाटीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ होतं आणि ते त्यांनी मला द्यायला आणलं होतं. वाटी ओट्यावर टेकवून त्यांनी आमच्या दीड खोलीवर नजर फिरवली आणि विचारलं, "या घरात कोणाचं चालतं?"

मी परभणीकडची, नवी नवरी. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते माहेरी शिकवलेलं होतं. म्हटलं, "यांचंच की."

"सगळंच?"

"हो."

"मग अवघड आहे," असं म्हणून त्या निघून गेल्या.

हे बाहेर पाय टाकत होते, त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळी डाइंग मिलमधून आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "त्या बाई अवघड आहे म्हणाल्या, ते काय?" मला सांगता आलं नाही. पुढे चार वर्षं त्यांच्या शेजारी राहिले, तेव्हा हळूहळू कळत गेलं.

आक्का ठेंगण्या, रुंद हाडाच्या, चालताना थोड्या डावीकडे झुकणाऱ्या. आवाज पुरुषी. मूळच्या अमळनेरकडच्या, पण सुरतेत येऊन त्यांना वीसेक वर्षं झाली होती. घरात अहिराणी, आमच्यासारख्यांशी मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि राग आला की पुन्हा अहिराणी. दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायच्या. बोटांच्या टोकांना चिकट लागलेलं असायचं, त्यामुळे बोलताना त्या बोटं एकमेकांवर चोळत राहायच्या. त्यांचे यजमान, आप्पा, लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मास्तर होते. आयुष्यभर यंत्रांच्या खडखडाटात राहिल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, आणि जे यायचं त्यातलं बरंचसं ते सोडून द्यायचे. एकुलती मुलगी सुनंदा. घर एवढंच, पण त्या घरासारखा कारभार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. स्वयंपाक सुनंदानं करायचा. काय करायचं ते आक्कांनी ठरवायचं. आणि भाजी खारट झाली, किंवा आक्कांनी सलग तीन दिवस गिलकीच सांगितली, तर दाद आप्पांकडे मागायची. आप्पांचा निकाल दोन्ही बाजूंना सारखाच असायचा. ते म्हणायचे, "चालेल." तरी दाद मागायची पद्धत मोडली नाही.

कुठेही काही अडलं की आक्का एकच विचारायच्या, "हाई कोना हातमा शे?" म्हणजे हे कोणाच्या हातात आहे. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या प्रवेशाला, सगळीकडे हेच. एकदा उन्हाळ्यात आमच्या ओळीची लाइट गेली. वायरमन आला तेव्हा बाकीच्या आम्ही विचारत होतो, कधी येणार. आक्कांनी विचारलं, "ठरवतो कोण?" तो म्हणाला, साहेब. साहेबांना कोण सांगतो? मोठे साहेब. त्यांना? असं करत करत दोघं बरंच वर गेली. शेवटी तो खांबावरून म्हणाला, "मावशी, मी पोटापाण्याचा माणूस आहे. याच्यावर मी कोणालाच ओळखत नाही." आक्का म्हणाल्या, "ओळखायला पाहिजे." मग त्याला चहा दिला.

आमची वसाहत नवागामाच्या टोकाला होती. आमनेसामने घरांची पुढची गल्ली आणि तशीच मागची. पुढच्या गल्लीत बहुतेक खानदेशी, मागच्या गल्लीत विदर्भातून, मराठवाड्यातून बांधकामावर आणि लूमवर आलेली माणसं. महापालिकेचं पाणी तेव्हा तिथवर पोचलेलं नव्हतं. सगळी वसाहत एका बोअरवर जगायची. बोअरशेजारी पत्र्याचं मोटरघर, त्याला कुलूप, आणि किल्ली रतनशेठच्या खिशात.

रतनशेठ हा सोसायटीचा प्रमुख. धुळ्याकडचा, सुताचा दलाल, पांढरा सफारी घालणारा. त्याच्याविषयी वाईटच बोललं तर ते खोटं होईल. ही जमीन सपाट करून घेतली ती त्यानं. बोअर पाडली ती त्यानं. दिव्याचे खांब आले ते त्याच्या खेट्यांमुळे. कोणाचा हात मशीनमध्ये सापडला तर रिक्षा घेऊन पहिला तोच धावायचा. पण पाणी कोणत्या गल्लीला किती वेळ सोडायचं ते तो ठरवायचा, मोटर त्याचाच माणूस लावायचा, आणि पाण्यावरून भांडण झालं तर निवाडाही शेठच्याच ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर, व्हायचा. प्रमुखाची निवडणूक कोणाला आठवत नव्हती.

मी आले त्या वर्षी गणपतीच्या बैठकीत मागच्या गल्लीतल्या काशीबाईचा नवरा उठून म्हणाला की दरवर्षी मांडव पुढे असतो, यंदा एकदा मागे घालू. यवतमाळकडचा साधा गवंडी माणूस, बोलताना मान खालीच होती. शेठ हसून म्हणाला, "बघू." मांडव पुढेच पडला. आणि गणपती उठल्यावर मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह खराब झाला.

खरंच खराब झालेला नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणत नव्हतं. मागच्या गल्लीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन रेल्वे लाइनपलीकडच्या वसाहतीतून पाणी आणायला लागल्या. काशीबाईला तेव्हा सातवा महिना होता. एके सकाळी त्या सगळ्या जमून शेठकडे निघाल्या, हातापाया पडायला. वाटेत आक्कांचा ओटला लागतो. आक्का टिकल्या चिकटवत बसल्या होत्या.

"कुठे?"

"शेठकडे. विनंती करतो."

आक्कांनी हातातली साडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तहान तुमची आहे. पण हात जोडून पाणी आणलंत तर उद्यापासून ते त्याचं पाणी होईल. आत्ता ते आपलं आहे."

"मग प्यायचं काय, आक्का?" काशीबाईनं विचारलं. आवाजात राग होता आणि तो बरोबर होता.

"आमच्या वाटणीतलं," आक्का म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी आपल्या नळाला नळी लावून अर्धं पाणी मागच्या गल्लीला दिलं. मग पुढच्या गल्लीत घरोघर फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मी हंडे भरून ठेवलेच होते. सगळ्यांनी दिलं असं नाही. पण इतक्या जणींनी दिलं की मागची गल्ली शेठच्या दारात गेली नाही.

शेठ दुसऱ्या दिवशी आक्कांच्या ओटल्यापाशी थांबला. म्हणाला, "आक्का, तुमच्या लाइनीचा व्हॉल्व्हही जुना झालाय हां."

"हे बैठकीत सांगा," आक्का म्हणाल्या.

"कुठली बैठक?"

"आम्ही मागणार आहोत ती."

सोसायटीच्या नियमात होतं की पुरेशा सभासदांनी मागणी केली तर प्रमुखाला सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. आक्कांनी मागणी गोळा केली. शेठ हुशार होता. त्यानं सभा बोलावली, पण बुधवारी दुपारी. बुधवारी दुपारी आमचे सगळे पुरुष खात्यात, मिलमध्ये, नाहीतर बांधकामावर असायचे आणि रातपाळीवाले मेल्यासारखे झोपलेले. घरं पुरुषांच्या नावावर. सभेला पाच टाळकी जमतील आणि काम संपेल, असा त्याचा हिशेब.

बुधवारी दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर जागा उरली नाही. सगळ्या बाया. कोणाच्या मांडीवर पोर, कोणाच्या हातात निवडायची मेथी. शेठ आला, दारातच थबकला.

"सभासद कुठायत?" त्यानं विचारलं.

"कामावर," आक्का म्हणाल्या. "घरचं माणूस आलंय."

"असं चालत नाही. नावावर ज्याचं घर, तो सभासद."

आक्का बसूनच बोलत होत्या. "शेठ, मागच्या खेपेला ठरावावर सह्या घ्यायला तुम्ही कधी आलात? दुपारी. कोणाच्या घेतल्यात? आमच्या. मी विचारलं होतं, आप्पा घरी नाहीत, चालेल का? तुम्ही म्हणालात, घरचं कोणीही चालेल. सही करताना चाललो, मग बसताना का नाही?"

कोपऱ्यात कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी हसलं. शेठची दोन माणसं मागे उभी होती, तीही हसली आणि मग खोकायला लागली. शेठनं खुर्ची ओढली आणि बसला. त्या क्षणी सभा खरी झाली.

तो चांगला बोलला. जमीन, बोअर, खांब, धावाधाव, सगळं सांगितलं. शेवटी त्याचा आवाज भरून आला, आणि ते नाटक नव्हतं. "एवढं करून माझ्यावर तुमचा विश्वास नाही?"

मला वाटलं, संपलं आता. अर्ध्या जणींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आक्का उठल्या. म्हणाल्या, "शेठ म्हणाले ते सगळं खरं आहे. ते नसते तर आपण इथं नसतो. पण पाणी कोणाला कधी ते एकट्यानं ठरवायचं, मोटर एकट्यानं लावायची, आणि कोणी रडत आलं तर न्यायही एकट्यानंच करायचा, हे नको. शेठ वाईट आहेत म्हणून नाही. उद्या मी तिथं बसले तरी नको."

मग हात वर करून मतं घेतली. मेथी निवडणाऱ्या हातांना मेथीची पानं चिकटलेली होती. शेठनं सगळीकडे पाहिलं, मोजायची गरज नव्हती. खिशातून किल्ली काढून त्यानं टेबलावर ठेवली. तिला लाल गोंडा होता.

"घ्या आक्का," मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळ्याच म्हणायला लागल्या. घ्या, घ्या आक्का, तुम्हीच ठेवा.

आक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी घेतली तर आज फक्त शेठ बदलला," त्या म्हणाल्या.

नंतर जे झालं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण ते होताना मी तिथे बसले होते. किल्ली गेली काशीबाईकडे, कारण जिचं पाणी तुटलं तिला किल्लीची किंमत कळते. पण काशीबाईनं वेळ ठरवायची नाही. वेळ पाच जणांची समिती ठरवेल, आणि समितीतल्या कोणीही किल्लीला हात लावायचा नाही. आणि किल्लीवाली किंवा समिती चुकली तर तक्रार ऐकायला तिसरेच लोक. त्यासाठी देवरे गुरुजी, शिरपूरला मास्तरकी करून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या जोडीला दोन वयस्क बाया. कोणीही सलग दोन वर्षांपेक्षा जास्त एका जागेवर राहायचं नाही. सोसायटीच्या प्रमुख म्हणून आक्कांची निवड झाली, समितीचं काम त्यांनीच चालवायचं ठरलं.

शेठ तोवर दारापर्यंत गेला होता.

"शेठ, बसा," आक्का म्हणाल्या. "समितीत एक जागा तुमची आहे."

"मी तुमच्या विरोधातच बोलणार."

"म्हणूनच."

तो परत आला की नाही हे त्याच वेळी कळलं नाही, कारण तेवढ्यात काशीबाई किल्ली घेऊन निघाली आणि सगळी सभा तिच्या मागे. पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं, कुलूप सुनंदानं हातात धरलं आणि काशीबाईनं उघडलं. मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह अर्ध्या फेऱ्यात फिरला. नळ आधी खोकले, मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ. बाया हंडे वाजवायला लागल्या. एकीनं पोराला नळाखाली धरलं, ते थंड पाण्यानं किंचाळायला लागलं आणि बाकीची पोरं आपणहून नळाखाली गेली. रातपाळीवाले पुरुष डोळे चोळत बाहेर आले, काय झालं विचारायला लागले. संध्याकाळी हे मिलमधून आले तेव्हा गल्लीत चिखल झालेला होता. मी त्यांना म्हटलं, "आपल्या घराचं मत मी दिलं." हे म्हणाले, "कोणाला?" मी म्हटलं, "कोणालाच नाही." त्यांना ते समजावून सांगता सांगता जेवणं झाली.

समिती पुढच्या सोमवारी बसली. शेठ आला. सफारी कडक इस्त्रीचा होता. त्यानं पहिल्याच विषयाला विरोध केला आणि तो बरोबर होता, म्हणून आक्कांना वेळापत्रक बदलावं लागलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दिल्लीत नवं सरकार आलं आणि दोन आठवडेही टिकलं नाही. संसदेतली चर्चा टीव्हीवर दाखवत होते. आक्कांचा टीव्ही आमच्या ओळीतला सगळ्यात मोठा, त्यामुळे ओटल्यापर्यंत माणसं बसली होती. निम्मे या बाजूचे, निम्मे त्या बाजूचे. भांडणाची तयारी होती. पंतप्रधान राजीनामा द्यायला निघाले तेव्हा एका बाजूचे पडलेल्या चेहऱ्यांनी बसले आणि दुसऱ्या बाजूनं टाळ्या सुरू केल्या. आक्का उठून आत गेल्या. थोड्या वेळानं शिऱ्याचा वास आला. ताटल्या भरून त्यांनी दोन्ही बाजूंना वाटायला सुरुवात केली.

"आक्का, तुम्ही कोणाच्या?" एक तरुण वैतागून म्हणाला. त्याचं सरकार गेलं होतं.

"खा आधी," आक्का म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस. फौज त्याची, पोलीस त्याचे. समोरच्यांनी म्हटलं, माणसं पुरेशी नाहीत तुझ्याकडे. तो उठला आणि घरी निघाला. कोणाच्या नाकाला खरचटलं नाही. याच्यावर शिरा नाही करायचा तर कशावर करायचा?"

त्या तरुणानं शिरा खाल्ला. दुसऱ्यांदा घेतलाही.

पण मला आक्का खऱ्या कळल्या त्या सुनंदाच्या लग्नात.

पुढच्या वर्षीचा मे महिना होता. मांडव आमच्याच गल्लीत, पाहुणे अमळनेरपासून नंदुरबारपर्यंतचे. दुपारची पहिली पंगत उठली आणि आक्कांच्या घरचं, मांडवातलं, सगळं पाणी संपलं. मोटरची वेळ संध्याकाळची. दुसरी पंगत बसायची होती, त्यात नवऱ्या मुलाकडचे लोक. काशीबाई त्या दिवशी नव्या लुगड्यात पंगतीत वाढत होती. तिचं पोर आता चालायला लागलं होतं, ते तिच्या मागेमागे. कमरेला किल्ली.

आक्का तिच्यापाशी आल्या. "काशी, मोटर लाव."

काशीबाईनं हातातली वरणाची बादली खाली ठेवली. "समितीनं सांगितलंय का, आक्का?"

"समिती मीच."

आजूबाजूचे सगळे थांबले. काशीबाईचा चेहरा उतरला. तिला आक्कांइतकं जवळचं सुरतेत कोणी नव्हतं. तरी ती म्हणाली, "आक्का, समिती पाच जणांची आहे."

आक्कांचा चेहरा लाल झाला तो मी तेव्हाच पाहिला. नवऱ्या मुलाचा चुलता तिथेच पान लावत उभा होता. आक्का अहिराणीत काहीतरी बोलल्या, तेही मोठ्यानं. काशीबाईनं मान खाली घातली, पण किल्ली कमरेची काढली नाही. रतनशेठ पंगतीत बसायच्या तयारीत होता. तो म्हणाला, "आक्का, समितीचे तिघं मांडवातच आहोत. विचारा की."

त्यांनी विचारलं असतं तर झालं असतं. कदाचित शेठही हो म्हणाला असता. पण आक्कांनी विचारलं नाही. पाठ फिरवली आणि घरात गेल्या.

मग मागच्या गल्लीतून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आली. संध्याकाळपर्यंतचं राखून ठेवलेलं तिच्या घरचं पाणी. तिच्या मागे दुसरी. पुढच्या गल्लीतूनही निघाल्या, मीही निघाले. काशीबाई आपल्या घरचे दोन्ही हंडे घेऊन आली. थोड्या वेळात मांडवातली पिंपं भरली आणि दुसरी पंगत बसली. शेठनं वाढायला घेतलं. लग्न असं पार पडलं की नवऱ्याकडचे लोक जाताना म्हणाले, तुमची वसाहत चांगली आहे.

पण आक्का काशीबाईशी बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात नाही आणि पुढच्याही नाही. आणि शेठनं गुरुजींकडे तक्रार टाकली की प्रमुखानं पदाचा गैरवापर करायचा प्रयत्न केला.

रविवारी सकाळी शेडमध्ये सुनावणी होती. दोन्ही गल्ल्या आल्या होत्या. पुष्कळांना वाटत होतं की गुरुजी हे मिटवून टाकतील. आक्कांना जबाब द्यायला उभं केलं. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि वकिलासारख्या बोलल्या. मुलीचं लग्न रोज होत नाही. पाणी शेवटी मिळालंच. कोणाचं नुकसान झालं नाही. काशीनं पाहुण्यांसमोर अडवायला नको होतं. ऐकताना मला सगळं पटत होतं.

गुरुजी म्हणाले, "एवढंच विचारतो. तुम्ही 'समिती मीच' असं म्हणालात का?"

आक्का बोटं चोळत राहिल्या. बाहेर लूमचा आवाज चालू होता.

"म्हणाले," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी दोन्ही बायांशी हळू आवाजात बोलून निकाल दिला. प्रमुख चुकल्या. किल्लीवाली बरोबर. प्रमुखांनी सर्वांसमोर तसं म्हणावं, आणि एक महिना समितीत त्यांना मत नाही.

शेठसुद्धा चपापला. त्याला वाटलं नव्हतं की गुरुजी एवढं करतील. सगळे आक्कांकडे बघत होते. त्या काशीबाईकडे वळल्या, तिच्यापुढे हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. तू बरोबर होतीस." काशीबाई रडायलाच लागली. आक्का खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, त्याही रडतायत. वाकून पाहिलं तर हसत होत्या. आवरत नव्हतं त्यांना.

दुपारी त्यांनी मला आणि काशीबाईला घरी बोलावलं. सुनंदा सासरी गेल्यामुळे घर मोकळं वाटत होतं. आप्पा खाटेवर पडले होते. आक्कांनी स्वतः भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी केली होती. जेवता जेवता त्यांनी माहेरची गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील गावचे सरपंच. पंचायत त्यांच्या ओसरीवर भरायची, गावचं भांडण त्यांच्या ओसरीवर मिटायचं, सगळ्या शेतांच्या वाटा त्यांच्या शब्दावर. एका विधवेच्या शेताची वाट त्यांच्याच शेतातून जात होती. वडिलांनी ती बंद केली. ती बाई दाद मागायला आली, ती कुठे? त्याच ओसरीवर. लहानगी लीला खांबाला धरून बघत होती.

"बापानं तिला गूळपाणी दिलं," आक्का म्हणाल्या. "हाकललं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, वाट बंदच राहील. माझा बाप वाईट नव्हता गं. तेच तर. चांगला होता म्हणून कोणाला काही वाटलंच नाही. ती बाई ओसरीच्या पायऱ्या उतरली, आणि तिला जायला दुसरं दारच नव्हतं. माझ्या बापाविरुद्ध दाद मागायची तर माझ्या बापाकडेच."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला वाटायचं, मी बापासारखी नाही. लग्नात कळलं, अगदी त्याच्यासारखीच आहे. पाणी संपलं आणि लगेच म्हणाले, मीच. पण आज माझ्याविरुद्ध दार उघडं होतं. काशी त्यातून गेली. आणि ते दार मीच बसवलं होतं." मग काशीबाईच्या ताटात भरीत वाढत म्हणाल्या, "आज जिंकले मी. तुला कळतंय ना?"

काशीबाई म्हणाली, "नाही." पण तिनं भरीत घेतलं.

त्या निकालानं आक्कांचा मान कमी होईल असं ज्यांना वाटलं होतं ते चुकले. उलट झालं. आता वसाहतीत कोणी मोठ्यानं बोललं की समोरचा म्हणायचा, आक्कांनी हात जोडले, तू कोण? त्यांची दोन वर्षं संपत आली तेव्हा सभेत एक ठराव आला की दोन वर्षांचा नियम काढून टाकावा आणि आक्कांना कायमचं प्रमुख करावं. ठराव मांडला होता रतनशेठनं. मनापासून मांडला होता. त्याचं भाषणही चांगलं झालं.

टाळ्या पडल्या. आक्कांनी टाळ्या संपू दिल्या आणि म्हणाल्या, "माझा विरोध आहे."

"आक्का, ठराव तुमच्या बाजूचा आहे," शेठ म्हणाला.

"म्हणूनच विरोध आहे."

मग त्यांनी जे भाषण केलं ते स्वतःविरुद्ध केलं. कधी चिडल्या, कोणाचं ऐकलं नाही, कोणत्या निर्णयात चुकल्या आणि समितीनं कसं वाचवलं, एकेक सांगितलं. लग्नातलं पाणी तर सगळ्यात आधी. म्हणाल्या, "ही बाई तुम्हाला कायमची पाहिजे? अजून दोन वर्षांनी ती किती बिघडेल?" लोक हसत होते, पण ऐकत होते. मतं घेतली तेव्हा पहिल्यांदा हात मोजावे लागले, आणि गुरुजींनी दोनदा मोजले. ठराव पडला. जास्त फरकानं नाही, पण पडला. आक्कांनी शेठकडे पाहिलं आणि पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं हसल्या की आप्पांनाही ऐकू गेलं.

नवी प्रमुख काशीबाई झाली. किल्ली अर्थातच दुसऱ्या घरी गेली.

पुढे यांना भेस्तानला दुसरी नोकरी लागली, खोलीही तिकडेच मिळाली. सामान टेम्पोत चढवलं तो रविवार होता आणि शेडमध्ये सभा चालू होती. महापालिकेची पाइपलाइन अखेर आमच्या वसाहतीपर्यंत आली होती, आणि मोठा जोड कुठल्या बाजूनं घ्यायचा, जोड आल्यावर बोअर कोणासाठी ठेवायची, हे ठरवायचं होतं. महापालिकेचा एक माणूस नकाशा घेऊन उभा होता आणि त्याला कळत नव्हतं की सही नक्की कोण करणार. मी आक्कांचा निरोप घ्यायला शेडच्या दारात गेले.

काशीबाई टेबलामागे होती, चष्मा लावलेला. माणसं दाटीवाटीनं बसली होती, पुरुषही आता निम्मे. आक्का शेवटच्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचा हात वर होता.

"आक्का, थांबा," काशीबाई म्हणाली. "आधी मागच्या गल्लीचं संपू दे."

आक्कांनी मान हलवली. हात खाली घेतला नाही. खांदा दुखत असावा, कारण त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी खुणेनं सांगितलं, निघते. त्यांनी डोळ्यांनीच जा म्हटलं, आणि पुन्हा टेबलाकडे पाहायला लागल्या, नंबर चुकू नये म्हणून.

टेम्पो वळला तेव्हा शेड पुन्हा एकदा दिसली. दाटीतून आक्कांचं डोकं दिसत नव्हतं, चिकट बोटांचा तो हात मात्र वर होता, आणि टेबलावरून काशीबाई म्हणत होती, "हं, आक्का, विचारा."